लॉरी बेकर यांच्या पद्धतीचे घर यवतमाळच्या काळ्या मातीत : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातील आपल्या गावी असलेले वडिलोपार्जित माती-कवेलूंचे (कौलांचे) घर आता राहण्याजोगे उरलेले नाही आणि त्याच जागी नवे घर बांधायचे आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात बांधलेली उघड्या विटांची, जाळीदार भिंतींची घरे आपण चित्रफितींमध्ये पाहिली आणि ती आपल्या मनात भरली. तसे घर आपल्याकडे बांधले तर खर्च निम्म्यावर येईल का, मे महिन्यात ते गार राहील का, आणि “ही पोकळ भिंत उद्या पडेल” असे गावचा मिस्त्री म्हणतो त्यात तथ्य किती, हे आपण विचारले आहे.

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यांत घरे बांधण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि बेकर यांच्या कामाचा अभ्यास त्याच कामाची गरज म्हणून केला आहे. त्या आधारावर आधीच सांगतो, की आपले तीन प्रश्न एकाच प्रश्नात गुंतलेले आहेत. तिरुवनंतपुरमच्या दमट हवेसाठी आणि तिथल्या टणक लाल जमिनीसाठी एका थोर वास्तुविशारदाने घेतलेले निर्णय आपल्याकडच्या कोरड्या, प्रखर उन्हाळ्यात आणि फुगणाऱ्या काळ्या मातीत कोणते जसेच्या तसे चालतील, कोणते उलटवावे लागतील आणि कोणते सोडूनच द्यावे लागतील, हा तो प्रश्न आहे. पुष्कळ गोष्टी आपल्या जागेवर अवलंबून आहेत. मुरूम किती खोल लागतो, रस्ता कोणत्या दिशेला आहे, जवळच्या भट्टीची वीट कशी आहे, हे मला ठाऊक नाही. त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीनुसार बदलते तिथे मी तसे स्पष्ट लिहिले आहे.

बेकर यांच्या आयुष्याकडे एकदा नीट पाहिले, की त्यांच्या घरांमागचा विचार अधिक लवकर उलगडतो. त्यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला आणि वास्तुशास्त्राचे शिक्षणही तिथेच झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शस्त्र हाती न घेता सेवा करणाऱ्या क्वेकर पंथीयांच्या रुग्णवाहिका पथकाबरोबर ते चीनमध्ये गेले आणि तिथे त्यांनी रुग्णसेवा केली, त्यात कुष्ठरुग्णांची सेवाही होती. मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावे लागले आणि त्या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. चिंध्यांपासून तयार केलेले त्यांचे चिनी पद्धतीचे जोडे पाहून गांधीजींनी त्यांची चौकशी केली, अशी आठवण ते पुढे सांगत असत. आदर्श घर हे पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर जपला. १९४५ मध्ये ते कुष्ठरुग्णांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुविशारद म्हणून भारतात परत आले, १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यानंतरची बरीच वर्षे या दांपत्याने हिमालयात पिथौरागडजवळ दवाखाना चालवीत काढली.

माझ्या मते त्यांच्या घडणीतला सर्वांत महत्त्वाचा काळ पिथौरागडचाच आहे, आणि नेमका तोच चित्रफितींमध्ये दिसत नाही. तिथे त्यांनी विटांचे घर बांधण्याचा हट्ट धरला नाही. डोंगरातला दगड, माती आणि लाकूड घेऊन स्थानिक कारागीर पिढ्यानपिढ्या जे बांधत होते ते त्यांनी आधी समजून घेतले. १९६३ नंतर ते केरळात वागमोन येथे गेले आणि १९७० च्या सुमारास तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. वीट त्यांच्या हाती आली ती तिथे, कारण त्या परिसरात भाजलेली चांगली वीट मिळत होती आणि कुशल गवंडी उपलब्ध होते. उल्लूर येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेचा परिसर, तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्थानकाजवळचे चक्राकार चढत जाणारे इंडियन कॉफी हाऊस, मच्छीमारांची आणि गरीब वस्त्यांतली घरे, नालंचिरा येथील त्यांचे स्वतःचे ‘द हॅम्लेट’ हे घर, अशी त्यांची पुष्कळ कामे त्या काळातली आहेत. १९८५ मध्ये कॉस्टफोर्ड ही संस्था स्थापन झाली आणि त्यांच्या पद्धतीचे काम ती आजही करते. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

तेव्हा त्यांच्या पद्धतीने दारव्ह्यात घर बांधायचे असेल तर त्यांनी तिरुवनंतपुरमला काय बांधले यापेक्षा ते दारव्ह्याला आले असते तर आधी काय पाहिले असते, असा प्रश्न स्वतःला विचारावा. मी या दृष्टीने विचार करतो तेव्हा पहिली जी गोष्ट डोळ्यांसमोर येते ती भिंत नसून छप्पर असते.

आपल्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. साडेवीस-एकवीस अंश अक्षांशावरच्या आपल्या गावांत त्या एक-दोन दिवसांत उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, आणि लगेचच २५ मेपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होतो. पारा ४४-४५ अंशांवर असतो, हवा कोरडी असते आणि दिवसभराचे ऊन भिंतीपेक्षा कितीतरी अधिक छपरावर पडते. तिरुवनंतपुरममध्ये तापमान क्वचितच ३५-३६ अंशांच्या पुढे जाते; तिथला त्रास घामाचा असतो आणि त्यावर वाहती हवा हाच उपाय असतो. म्हणून बेकर यांनी भिंतींना जाळ्या ठेवल्या आणि हवा घरभर खेळती ठेवली. आपल्याकडे भर दुपारी तीच जाळी उन्हाच्या झळा आणि धूळ थेट माजघरात आणून सोडेल. आपल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, खिडक्या लहान आणि ओसरी खोल का होती, याचे कारण याच हवेत आहे.

शक्य असेल तर घराचा नकाशा काढण्याआधी एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी सेवाग्रामला जाऊन बापूकुटीत थोडा वेळ शांतपणे बसून यावे. गांधीजी जिथे राहत ती ही कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबहेन यांनी स्वतःसाठी बांधली होती. मातीच्या भिंती, बांबू, लाकूड, वर कवेलू आणि भोवती छपराखाली आलेली सावलीची जागा, एवढ्याच साहित्यातून ती उभी आहे. बेकर यांची आणि गांधीजींची भेट मुंबईत झाली असली तरी ज्या विचाराने बेकर प्रभावित झाले त्याचे विदर्भातले प्रत्यक्ष रूप आपल्या घरापासून फार लांब नाही. तिथे छपराची कड किती खाली उतरवली आहे आणि आत येणारा उजेड आधी कुठे अडतो, हे मुद्दाम पाहावे.

आता छपराविषयी. बेकर यांनी लोकप्रिय केलेला फिलर स्लॅब आपल्याकडे चालतो, आणि चांगला चालतो. त्यामागचे तत्त्व साधे आहे. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबच्या मधल्या भागात दाब वरच्या थरावर येतो आणि ताण खालच्या थरावर येतो. ताण घेण्याचे काम लोखंडी सळ्या करतात. खालच्या थरातले काँक्रीट सळ्यांना धरून ठेवण्यापलीकडे फारसे काम करीत नाही. म्हणून दोन सळ्यांच्या मधल्या चौकोनात काँक्रीटऐवजी मंगलोरी कवेलूंची जोडी पालथी-उताणी बसवतात. त्यात हवेची पोकळी राहते, काँक्रीट वाचते आणि स्लॅबचे वजनही कमी होते. आपल्या घरावरची हाताने घडवलेली अर्धगोल कवेलू या कामाला योग्य नाहीत, कारण त्यांचा आकार एकसारखा नसतो. पडलेल्या जुन्या शाळांची किंवा गोदामांची मंगलोरी कवेलू तालुक्याच्या ठिकाणी बहुधा मिळतात. काही नियम मात्र काटेकोर पाळावे लागतात. कवेलू आधी पाण्यात चांगली भिजवावीत, नाहीतर ती ओल्या काँक्रीटमधले पाणी शोषून घेतात. भिंतीलगतचा पट्टा भरीव ठेवावा. स्लॅब सलग दोन खोल्यांवरून जात असेल तर मधल्या भिंतीवर ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिथे, आणि भिंतीबाहेर झुकणाऱ्या छज्ज्यात, कवेलू मुळीच टाकू नयेत. सळ्यांचे अंतर कवेलूंच्या मापावर ठरते, त्यामुळे या स्लॅबचा हिशेब अभियंत्याकडून करून घेतल्याशिवाय सेंट्रिंग (स्लॅब टाकण्यासाठीचा तात्पुरता आधार) उभारू नये.

एवढे करूनही नवतप्यात फक्त फिलर स्लॅबवर विसंबून राहता येत नाही. स्लॅबच्या वरच्या बाजूला फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवावेत, किंवा निदान दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याची दाट सफेदी मारावी. हा खर्च लहान आहे आणि त्याचा फरक रात्री झोपताना जाणवतो. संपूर्ण घरावर कवेलू घालण्याचा आग्रह मी आता धरत नाही. कवेलूंचे घर सुंदर दिसते यात शंका नाही, पण वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की शाकारणी पुन्हा करावी लागते, आणि शाकारणी करणारे हात गावोगावी कमी झाले आहेत. शिवाय तूर-हरभरा वाळवायला, उन्हाळी वाळवणे घालायला आणि रात्री उघड्यावर झोपायला शेतकऱ्याच्या घराला सपाट स्लॅब लागतोच. म्हणून राहत्या खोल्यांवर फिलर स्लॅब आणि ओसरीवर उतरते कवेलू, अशी वाटणी मी सुचवतो. ओसरी पश्चिमेला काढता आली तर सर्वांत चांगले, कारण सायंकाळचे तिरपे ऊन छज्जा अडवू शकत नाही. ते ओसरीच अडवते.

पश्चिमेला ओसरी शक्य नसेल, तर तिथे जाळीचा उपयोग होतो, पण वेगळ्या रीतीने. सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या संगणक केंद्रात यंत्रांना ऊन लागू नये म्हणून बेकर यांनी बाहेर विटांची वळणदार जाळीची भिंत आणि आत अंतर सोडून दुसरी भिंत अशी रचना केली. आपल्याकडे अनुकरण करण्याजोगी त्यांची सर्वांत उपयुक्त कल्पना हीच आहे, असे मला वाटते. पश्चिमेच्या भरीव भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर सोडून जाळी उभी केली, की ऊन जाळीवर पडते, आतली भिंत सावलीत राहते आणि मधली तापलेली हवा वर निघून जाते. आर्वीकडच्या एका शेतकरी कुटुंबासाठी आम्ही असे केले, तेव्हा घरच्या आजींनी त्या मधल्या जागेत पाण्याचे माठ आणि रांजण मांडले आणि उन्हाळाभर घराचे पाणी तिथूनच गेले. राहत्या खोल्यांना जाळी द्यायची असेल तर ती छताजवळ, उंचावर द्यावी आणि तिला आतून लाकडी झडप ठेवावी. उन्हाळ्यात दिवसा झडप बंद आणि रात्री उघडी ठेवावी. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत ती सतत उघडी ठेवावी. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावणार असाल तर त्याच्या हवेला बाहेर पडायला हीच वरची वाट कामाला येते. खाली, जमिनीलगत उघडी जाळी ठेवू नये. शेताजवळच्या घरात साप-विंचवांचा विचार आधी करावा लागतो.

आता जमिनीविषयी, आणि याबाबतीत मी अजिबात सवलत देणार नाही. तिरुवनंतपुरमच्या टेकड्यांवरची लाल जांभ्याची जमीन घट्ट असते. तिथे दगडाचा साधा उथळ पाया पुरतो आणि त्यावर भार पेलणारी वीटभिंत वर्षानुवर्षे जागची हलत नाही. काळी माती मात्र पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या एका कोपऱ्याला न्हाणीचे पाणी मुरत असेल आणि दुसरा कोपरा उन्हात सुकत असेल, तर दोन्ही कोपरे वेगवेगळे हलतात आणि भिंतीला तिरपी भेग जाते. अशी भेग पाहून लोक विटेला किंवा गवंड्याला दोष देतात, पण कारण बहुतेक वेळा पायाखाली असते. म्हणून बेकर यांच्या घरांत पायावर झालेली बचत आपल्या हिशेबात धरूच नका.

करायचे काय ते आपल्या जागेवर ठरेल. घराच्या दोन टोकांना खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते आधी पाहावे. शेजारच्या विहिरीची कड पाहिली तरी अंदाज येतो. पाच-सहा फुटांत मुरूम लागत असेल, तर काळी माती पूर्ण काढून मुरमावर काळ्या दगडाचा पाया घ्यावा, कारण तो दगड आपल्याकडे मुबलक आहे आणि त्याच्याइतके टिकाऊ दुसरे काही नाही. मुरूम फार खोल असेल, तर तळाशी फुगीर कंद असलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांचा, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल्सचा पाया घ्यावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तो अशाच मातीसाठी विकसित केला आहे. दोन्ही बाबतींत जोत्याच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा घराभोवती सलग हवा, जोत्यात काळ्या मातीऐवजी मुरमाचे भरण हवे, आणि घराच्या चारही बाजूंनी निदान तीन फुटांची फरसबंदी बाहेर उतार देऊन करावी, म्हणजे पावसाचे आणि सांडपाण्याचे पाणी पायाजवळ मुरणार नाही. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, लाल-पिवळी जमीन असलेल्या भागात हा प्रश्न एवढा तीव्र नसतो; त्या वाचकांनी हा परिच्छेद तेवढाच गांभीर्याने घेण्याची गरज नाही.

आता आपल्या मिस्त्रीच्या आक्षेपाकडे येतो. तो ज्या भिंतीविषयी बोलतो ती रॅट ट्रॅप बाँडची भिंत आहे. तिच्यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवतात. नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड वीट धरली तर भिंतीच्या दोन्ही तोंडांना कडेवरच्या दोन विटा सहा इंच घेतात आणि मध्ये तीन इंचांची पोकळी राहते. प्रत्येक जोडीनंतर एक वीट आरपार आडवी येते आणि दोन्ही तोंडांना बांधून ठेवते. दोन विटांमधला मसाल्याचा सांधा, म्हणजे दर्जा, अर्धा इंच धरून हिशेब केला तर १०० चौरस फूट नऊ इंची भिंतीला साध्या बांधणीत सुमारे ८७० विटा लागतात आणि या बांधणीत सुमारे ६६५. म्हणजे विटा जवळजवळ पाव हिश्श्याने वाचतात, मसाला वाचतो आणि पोकळीमुळे उष्णता आत यायला अडथळा होतो. सामान्य एकमजली किंवा दुमजली घराचा भार ही भिंत व्यवस्थित पेलते. तेव्हा ती पोकळ आहे म्हणून पडेल, हे म्हणणे बरोबर नाही.

पण मिस्त्रीची शंका मी हसण्यावारी नेत नाही, कारण ही भिंत चुकीची बांधली तर ती खरोखरच कमकुवत होते. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा थर, लिंटलचा (दारा-खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्याचा) थर आणि स्लॅबखालचा थर भरीव हवा. कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या बाजू भरीव हव्यात. जिथे तुळई टेकते तिथे भरीव विटांचा खांब आणि वर काँक्रीटचा ठोकळा हवा. लिंटलच्या उंचीवर सळ्यांसह काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा, आणि कोपऱ्यांतल्या पोकळीत उभी सळई सोडून ती काँक्रीटने भरून घ्यावी. ही सोय साध्या भिंतीत सहज करता येत नाही. पोकळीची वरची-खालची तोंडे भरीव थरांनी बंद झाली की आत मुंग्या-माश्यांना घर करता येत नाही. विजेच्या नळ्या पोकळीतूनच वर न्याव्यात. बांधून झालेली भिंत नंतर छिन्नीने फोडली, की सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

या भिंतीची खरी कसोटी विटेवर लागते. कडेवर ठेवलेल्या विटांची लांबी कमी-जास्त असेल तर भिंतीचे एक तोंड सरळ येते आणि दुसरे ओबडधोबड राहते. मग प्लॅस्टर करावेच लागते आणि बचत तिथेच संपते. काळ्या मातीच्या विटांत चुनखडीचे खडे असतात. ते भाजले जातात आणि नंतर पाणी लागले की फुलून विटेचा पापुद्रा उडवतात. म्हणून भट्टीवरून काही विटा आणून एक दिवसभर पाण्यात ठेवाव्यात, दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का ते ऐकावे, नखाने ओरखडा उमटतो का ते पाहावे. या परीक्षेत भट्टीची वीट उतरत नसेल, तर फ्लाय ॲशच्या विटा घ्याव्यात. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेमुळे त्या विदर्भात सहज मिळतात आणि त्यांची मापे एकसारखी असतात. त्यांचा रंग राखाडी असतो, आपल्या मनातल्या तांबड्या भिंतीसारखा नसतो. पण पाच मैलांच्या विचाराचा आशय ध्यानात घेतला तर आपल्याच प्रदेशात साचणाऱ्या राखेचा असा उपयोग बेकर यांना पटण्यासारखाच आहे.

येथवर जे सांगितले त्याचा क्रम आपण लक्षात ठेवावा: छपराला आणि पायाला प्राधान्य, त्यानंतर पश्चिमेची सावली, आणि सर्वांत शेवटी भिंतीचा प्रकार. लोक उलट क्रमाने निघतात, कारण चित्रात भिंतच दिसते.

यापुढचा मुद्दा कारागिराचा, आणि बेकर यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हाच आहे. ते कार्यालयात बसून नकाशांचे गठ्ठे तयार करीत नसत. वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर रेखाटने करून ते रोज कामावर जात, झाड मध्ये आले तर भिंत वळवीत, आणि गवंड्यांबरोबर उभे राहून पुढचा थर कसा घ्यायचा ते ठरवीत. त्यांची काटकसर मुख्यतः या सततच्या लक्ष देण्यातून आली. आपल्याकडे मात्र बहुतेक घरे चौरस फुटाच्या मजुरी दराने ठेकेदाराला दिली जातात. त्या दरात ज्याचे काम लवकर उरकते त्याचे पैसे सुटतात, आणि रॅट ट्रॅपची भिंत पहिल्या काही दिवसांत तरी हळूच चालते. म्हणून अशा घरासाठी मी ठेका देऊ नये असे सांगतो. मिस्त्रीला रोजाने ठेवावे, साहित्य आपण आणावे, आणि घरातले कोणीतरी दररोज कामावर उभे राहावे. हे शक्य नसेल, आपण पुण्या-मुंबईत नोकरीला असाल आणि गावी फक्त वृद्ध आई-वडील असतील, तर माझा स्पष्ट सल्ला असा, की नेहमीची भरीव वीटभिंत बांधावी आणि फक्त छपरावर व सावलीवर वरीलप्रमाणे लक्ष द्यावे. तेही घर जवळजवळ तेवढेच गार होईल.

मिस्त्रीला पटवण्याचा माझा मार्ग वादाचा नाही. मी त्याला गावातच, कंपाऊंडच्या कामात किंवा गोठ्यात, पाच-सहा फूट लांबीची नमुना भिंत बांधायला लावतो. सुरुवातीला तो नेहमीच्या सवयीने मसाल्याची थापी सरळ भिंतीभर ओढतो आणि निम्मा मसाला पोकळीत पडतो. तेव्हा तीन इंच रुंदीची एक लाकडी पट्टी पोकळीवर आडवी ठेवायची, दोन्ही बाजूंच्या विटांवर मसाला लावायचा, पट्टी उचलून पुढे सरकवायची. चांगला गवंडी दुसऱ्या-तिसऱ्या थरापर्यंत ही युक्ती आत्मसात करतो, दोरी आणि ओळंबा स्वतःहून पुन्हा पुन्हा लावू लागतो आणि दर्जा सारखा आला की मागे सरकून भिंतीकडे पाहतो. अशा गवंड्याला मी नंतर काही शिकवत नाही. पुढच्या सूचना तोच मला करतो. उघड्या भिंतीत त्याचा हात प्लॅस्टरखाली झाकला जात नाही, हे त्याला कळते, आणि या कामाची प्रतिष्ठा वाढण्यासाठी तेवढे पुरेसे असते.

साहित्याबाबत वर्ध्याच्या दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राचे कामही आपण पाहावे. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने कुंभारांकडून घडवून घेतलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्यांची कमान करून लोखंडाशिवाय छप्पर उभारण्याचे तंत्र विकसित केले. बांबूचे काम पाहायचे असेल तर मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्र आहे. आपल्या घरात बांबू वापरणार असाल तर तो प्रक्रिया केलेला असावा आणि त्याचे बूड जमिनीत न पुरता दगडावर टेकवावे, कारण उधई (वाळवी) आपल्याकडे साग सोडून फारसे काही शिल्लक ठेवत नाही. उधईचाच विचार करून, बेकर यांच्याप्रमाणे खिडक्यांना चौकटी न घेता पल्ले थेट भिंतीत बसवलेल्या बिजागऱ्यांवर टांगावेत. लाकूडही वाचते आणि कीड लागणारी जागाही कमी होते.

राहिला खर्च. निम्मा होणार नाही. भिंतीतल्या विटा-मसाला, स्लॅबचे काँक्रीट आणि काही प्रमाणात लोखंड, दोन्ही बाजूंचे प्लॅस्टर आणि दरवर्षीचा रंग यांत खरी बचत होते. पण फरशी, दारे, नळ, वीज, शौचालय यांचा खर्च जसा आहे तसाच राहतो, आणि काळ्या मातीचा पाया केरळपेक्षा महागच पडतो. किती टक्के वाचतील हा आकडा मी देत नाही, कारण तो विटेच्या वाहतुकीवर, मुरमाच्या खोलीवर आणि मिस्त्रीच्या हातावर ठरतो. सर्वांत मोठी बचत नकाशात असते. बेकर घरमालकाला प्रत्येक वस्तूविषयी ‘हे खरोखरच हवे का’ असे विचारीत. आपल्या बाबतीत तो प्रश्न असा विचारावा लागेल: शेजाऱ्याने बांधले म्हणून दर्शनी भागात काढलेला मोठा हॉल खरोखर कोण वापरणार आहे, आणि बी-बियाणे, खत, कापूस आणि तुरीचे पोते ठेवायला जागा कुठे काढली आहे? आमच्या भागातल्या पुष्कळ नव्या घरांत सोफा ठेवायला खोली असते आणि कापूस मात्र त्याच सोफ्यावर येऊन पडतो. जुन्या घराचे सागाचे खांब, तुळया आणि जोत्याचा दगड नीट सोडवून घ्यावा. तो सगळा माल नव्या ओसरीला पुरून उरेल.

काम दिवाळीनंतर सुरू करावे, म्हणजे खड्डे कोरडे मिळतात, आणि स्लॅब मार्चपूर्वी टाकावा, कारण पुढे पाणी मारायला पाणीच उरत नाही. त्याआधी पावसाळा संपताच घराच्या जागेवरच्या दोन खड्ड्यांत मुरूम किती फुटांवर लागला, भट्टीच्या विटांची पाण्याची परीक्षा कशी झाली, रस्ता कोणत्या दिशेला आहे आणि पश्चिमेला शेजाऱ्याचे घर आहे की मोकळी जागा, एवढी माहिती कळवावी. ती मिळाल्यावर पायाचा प्रकार, ओसरीची दिशा आणि स्लॅबचा हिशेब यांविषयी मी नेमके सांगू शकेन. नमुना भिंत मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता बांधायला घ्यावी.